दुसरा जबाब



शिळफाट्यावरच्या ज्या टपरीवर मी पहिल्या पाळीला जाताना चहा पितो, तिथे दर अपघाताचा निकाल दहा मिनिटांत लागतो. इथून वर बोरघाट सुरू होतो, एक रस्ता पाली-पेणकडे फुटतो. ट्रक, ट्रेलर, एस्टी, रात्रंदिवस चालूच. अपघात आमच्याकडे पाहुण्यासारखा येत नाही, तो इथलाच रहिवासी आहे. कुणी मेला की टपरीवरचा पहिला सवाल ठरलेला : चूक कुणाची? आणि जबाबही ठरलेला : ड्रायव्हरची. चहा संपला, निकाल लागला, खटला बंद.

१५ एप्रिल २०२३ ची पहाट आठवा. जुन्या हायवेवर शिंगरोबाच्या देवळाजवळ एक बस दरीत कोसळली. गोरेगावचे ढोलपथक होते. आदल्या दिवशी पुण्याकडे भीमजयंतीच्या कार्यक्रमात वाजवून पोरं घरी निघाली होती. १३ जण गेले. आपल्याकडचे गिर्यारोहक आणि मदतीला धावणारी पोरं दोर लावून अंधारात दरीत उतरली, एकेकाला वर काढले. त्या सकाळी टपरीवर निकाल लागला : "डुलकी लागली असणार." मीही मान डोलावली.

मान डोलावली आणि चहा घशाखाली जाईना. कारण अशीच मान मी आधी एकदा डोलावली होती. नुसती डोलावली नव्हती, खाली सही केली होती. आज चुकीविषयी लिहायला बसलोय तर दुसऱ्यांच्या चुका नंतर. पहिली माझी.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा, इथल्याच एका कागद गिरणीत ठेकेदाराकडे कामाला होतो. गिरणीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. रद्दीचा लगदा होतो, लगद्याचा ओला कागद होतो, तो वाफेवर तापलेल्या मोठमोठ्या लोखंडी ड्रायरवरून फिरत फिरत सुकतो. मध्येच कागद तुटतो. तुटला की त्याची शेपूट हाताने पुढच्या ड्रायरवर ओवून द्यायची. मशीन चालूच. तिथे हात जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. आमच्याकडेही होती. भिंतीला टेकवून ठेवलेली. जाळी लावली की ओवायला वेळ लागतो, मशीन हळू करावी लागते, मशीन हळू केली की पाळीचा माल कमी निघतो, माल कमी निघाला की सुपरवायझर आईबहिणीवरून बोलतो. ती जाळी कुणी काढली मला ठाऊक नाही. मी कामाला लागलो तेव्हा ती भिंतीलाच होती. तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो.

एका रात्री माझ्या शेजारचे काका, वयाने माझ्या बापाएवढे, सलग दुसरी पाळी करत होते. बदली माणूस आला नव्हता. पहाटे कागद तुटला. काकांनी शेपूट धरली, ओवायला गेले, आणि हात आत गेला. बंद करायचे लाल बटण मशीनच्या पलीकडच्या बाजूला. मी वळसा घालून धावलो. पोचेपर्यंत उजव्या हाताची चार बोटे गेली होती.

दोन दिवसांनी ऑफिसात बोलावले. कागद तयार होता. त्यावर लिहिले होते की कामगाराने स्वतः संरक्षक जाळी काढली, सूचना न पाळता चालू मशीनमध्ये हात घातला, अपघात कामगाराच्या चुकीने झाला. साक्षीदार म्हणून खाली माझे नाव. माझा ठेका त्याच महिन्यात पुढे चालू व्हायचा होता. मी सही केली.

मी अंगठेबहाद्दर नाही, मित्रांनो. आठवीनंतर शाळा सुटली तरी मिळेल ते वाचत शिकलो. बाबासाहेबांचे खंड उशाला घेऊन झोपतो. कविता लिहितो, मोर्चात घोषणा देतो. म्हणजे मी तो कागद वाचला. वाचून, समजून सही केली.

त्या एका ओळीने काय झाले ते बघा. काकांकडे ईएसआयचे कार्ड नव्हते. राहिला नुकसानभरपाईचा कायदा, १९२३ चा. त्यात एक पाचर मारलेली होती : जखमी कामगाराने सुरक्षेची जाळी मुद्दाम काढली असे ठरले तर मालकाला भरपाई नाकारता येत असे. उलट यंत्राचा धोकादायक भाग जाळीने बंदिस्त ठेवायचा ही कारखान्याची जबाबदारी, असे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचे कलम २१ सांगत होते. म्हणजे "जाळी कामगाराने काढली" हे वाक्य साधे नव्हते. त्या वाक्याने कारखान्याची जबाबदारी उचलून काकांच्या तुटक्या हातावर ठेवली. ठेकेदाराने काही हजार हातावर टेकवले आणि फाईल मिटली.

आता मुद्द्याकडे येतो. माणूस चुकतो. काका चुकले का? चुकले. सोळा तास उभ्या असलेल्या माणसाचा हात इंचभर पुढे गेला, ही चूकच. मी ती नाकारत नाही. माझे भांडण दुसरेच आहे. चूक झाल्यावर ती कुणाच्या नावावर लिहायची, हे ठरवणारा हात कुणाचा असतो?

खालचा चुकला की त्याच्या चुकीला नाव असते, हजेरी नंबर असतो, बापाचे नाव असते. वरचा चुकला की त्या चुकीचे नावच बदलते. ती होते तांत्रिक बिघाड, अतिवृष्टी, निसर्गाचा कोप, दैव. खालचा चुकला तर कामावरून काढतात. वरचा चुकला तर समिती नेमतात.

भोपाळ घ्या. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, युनियन कार्बाइडचा कारखाना, ६१० नंबरची टाकी. विषारी वायूने हजारो माणसे मेली. टाकीत पाणी शिरले कसे, यावर कंपनी म्हणाली की एका नाराज कामगाराने ते मुद्दाम सोडले. बघा, इथेही कामगार! पण टाकीतले रसायन थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी सोडवून ठेवली होती. ती यंत्रणा कुणा कामगाराने पैसे वाचवायला बंद केली होती काय? ७ जून २०१० ला, पंचवीस वर्षांनी, कंपनीच्या सात जिवंत भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. हजारो मढ्यांचा हिशेब दोन वर्षे! भोपाळचे नाव मोठे म्हणून आपण ऐकले. पण त्या कारखान्यातली आणि आमच्या गिरणीतली जाळी एकाच भिंतीला टेकलेली होती.

यापेक्षाही जुना एक अहवाल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तू महाराच्या पोटी का आलास? मागल्या जन्मी पाप केलेस म्हणून. तू गटारात का उतरतोस? तुझीच करणी. तू उपाशी का? तुझेच भोग. मित्रांनो, "अपघात कामगाराच्या चुकीने झाला" हा अहवाल या देशात पहिल्यांदा कुठल्या कारखान्यात लिहिला गेला नाही. तो पोथीत लिहिला गेला. ज्याचा हात तुटला त्याच्याच नावावर दोष, आणि साक्षीदार म्हणून सही कुणाची? आपल्याच बापजाद्यांची. त्यांनाही पटवून दिले होते की चूक आपलीच. बाबासाहेबांनी गेल्या जन्मीच्या कर्माचा हा हिशेब नाकारला, तेव्हा त्यांनी हा खोटा पंचनामाच फाडला. म्हणून म्हणतो, आपल्याला तरी ही लबाडी चटकन ओळखू यायला हवी. आणि मी ओळखूनही सही केली.

इर्शाळवाडी आपल्याच खालापूर तालुक्यात. टपरीवरून तिकडचा डोंगर कुणालाही विचारा. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, ठाकरांची वाडी चिखलाखाली गेली. वर जायला रस्ता नाही म्हणून यंत्र चढले नाही, माणसांनी फावड्यांनी उकरले. २७ मढी सापडली, ५७ माणसे सापडलीच नाहीत, शोध थांबवला. विधानसभेत सांगण्यात आले की दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हतीच. जणू दरडीने यादी वाचून यायला हवे होते!

पाऊस कुणाच्या हातात नाही, कबूल. पण हे पहिल्यांदा झाले काय? जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडींनी १५० हून जास्त माणसे गिळली. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात माळीण गेले, १५१ माणसे. तिथेही काहींनी बोट दाखवले ते डोंगरउतारावर शेतासाठी केलेल्या सपाटीकरणाकडे. २२ जुलै २०२१ ला महाडचे तळीये, ८० हून जास्त. मग इर्शाळवाडी. महिना तोच, पाऊस तोच, डोंगर तेच, आणि मरणारेही डोंगराच्या कडेला ढकललेले तेच. पहिल्या खेपेला निसर्ग म्हणू. चौथ्या खेपेलाही निसर्गच म्हणायचे?

इथे मला विनयपिटकातली एक गोष्ट सांगायची आहे. आपण विहारात वंदना म्हणतो, पण विनय फारसे कुणी उघडत नाही. भिक्खूंचे नियम एकदम आकाशातून पडलेले नाहीत. दर नियमामागे एका माणसाची खरी चूक आहे. सुदिन्न नावाचा भिक्खू होता. घराला वारस हवा म्हणून आईने गळ घातली, आणि तो आपल्या पूर्वीच्या बायकोपाशी गेला. बुद्धाने त्याला खडसावले, नियम केला. पण विनय असेही सांगते की जो पहिला करणारा, त्याला त्या नियमाखाली दोषी धरायचे नाही. कारण तेव्हा नियमच नव्हता. त्याच्या चुकीतून नियम जन्मला. दोष लागतो तो पुढच्याला, ज्याच्यासमोर नियम होता.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आणि आजचे आपले कारखाने शेजारी ठेवा. आपल्याकडे नेमके उलटे. पहिल्याला फासावर देतात आणि नियम करीतच नाहीत. काकांना दोषी ठरवले, आणि जाळी? महिनाभराने मी बघितले, जाळी भिंतीलाच. तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी टॉवेल. म्हणजे काकांच्या चार बोटांतून कुणी काही शिकले नाही. ज्या चुकीतून नियम होत नाही, ती चूक फुकट गेली. माणसाची बोटे फुकट गेली. २००५ चा दोष कुणावर टाकावा यावर वाद घाला, पण २०१४ नंतर, २०२१ नंतर, ज्यांच्या टेबलावर तीन-तीन गावांची मढी मोजलेली होती त्यांना "आम्हाला कल्पना नव्हती" हे म्हणायचा हक्क नाही.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, आणि विचारलेच पाहिजे : मग काय, दर गोष्टीला व्यवस्था जबाबदार? ड्रायव्हर दारू पिऊन चालवील, कामगार बेफिकिरी करील, कार्यकर्ता वर्गणी खाईल, आणि आपण म्हणायचे व्यवस्था? नाही. तसे म्हणणे म्हणजे आपल्या माणसाला बाहुली समजणे. बाबासाहेबांनी आपल्याला बाहुली समजले नाही. त्यांनी आपल्याला मेलेल्या ढोराचे मांस सोडा म्हणून सांगितले, शिका म्हणून सांगितले. जो बदलू शकतो त्यालाच कुणी असे सांगते.

मी माझ्यापुरता हिशेब असा करतो. चूक दिसली की तीन सवाल विचारायचे. एक : असे करायला त्याला कुणी भाग पाडले? दोन : हात घसरला तरी जीव वाचेल अशी सोय होती का? तीन : असे आधी झाले होते का, आणि तेव्हा काय केले? मग ज्याच्या हातात जितके बदलणे होते, तितका त्याचा वाटा. या हिशेबाने काकांचा वाटा इंचभर. सुपरवायझरचा हातभर. ज्याने लाल बटण पलीकडे बसवू दिले, जाळी भिंतीला राहू दिली, एका माणसाकडून दोन पाळ्या घेतल्या, त्याचा वाटा मोठा.

आणि माझा? सही करताना माझा हात कुठल्या ड्रायरने ओढला नव्हता. मी सोळा तास उभा नव्हतो. भीती होती, पोट होते, ते खरे. पण काकांची ती चूक होती, आणि माझी चूक नव्हती, तो खोटेपणा होता. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकलो, हा माझा या सगळ्यातला पहिला धडा. चुकलेल्या माणसाला जवळ घ्यावे, त्याला बोलते करावे. खोटे लिहिणाऱ्याला, मग तो आपला जयभीमवाला कवी का असेना, सोडू नये.

दुसरा धडा. माळीण गेले हे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळले ते एस्टीच्या ड्रायव्हरमुळे. गाडी घेऊन तो रोजच्या वाटेने आला, तर गावच दिसेना. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीचा इंग्रजांच्या काळचा पूल वाहून गेला, दोन एस्टी आणि माणसे घेऊन गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी होऊन धोका नाही असे ठरले होते. आणि पूल नाही हे बघून येणाऱ्या गाड्या थांबवायला धावला तो जवळच्या गॅरेजमधला एक परप्रांतीय मजूर. बघा, म्हणजे चूक लिहिली जाते ती खालच्याच्या नावावर, आणि चूक पहिल्यांदा दिसते तीही खालच्यालाच. जाळी भिंतीला आहे हे आम्हाला रोज दिसत होते. ऑफिसात बसलेल्याला दिसत नव्हते. पण बोलायचे कसे? बोलणाऱ्याचा ठेका बंद. ज्याला दिसते त्याची जीभ कापायची आणि मग विचारायचे, अपघात कसा झाला?

म्हणून मालकाला आणि सरकारला जाब विचारायचा तो "दोषी कोण" एवढाच नको. "सांगणाऱ्याचे तुम्ही काय केलेत" हाही जाब हवा.

आणि हाच जाब आपल्या स्वतःलाही. आपल्या बैठकांत काय चालते? नवीन पोरगा उठून म्हणाला की साहेब, हा हिशेब जुळत नाही, तर त्याला बसवतात. बाई बोलली की हसतात. नेता चुकला की "वेळ योग्य नाही, फूट पडेल". बुद्धाच्या संघात वर्षावास संपला की पवारणा होत असे. भिक्खू एकत्र बसत आणि एकेक जण संघाला विनंती करी : माझे काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल तर सांगा, मी सुधारेन. आणि सुरुवात सगळ्यात लहान भिक्खू करीत नसे. सगळ्यात थोर करी. स्वतः बुद्धाने संघापुढे बसून माझ्या वागण्याबोलण्यात काही दोष दिसतो का म्हणून विचारल्याची नोंद सुत्तात आहे. आपले पुढारी बुद्धाहून मोठे झाले काय?

आता त्या ढोलपथकाकडे परत येतो. त्या पोरांच्या मरणाचा दोष मी कुणावर टाकत नाही, मला तो अधिकार नाही. पण ती बातमी ऐकून मी माझ्या वस्तीकडे बघितले. आम्हीही दर चौदा एप्रिलला बाहेरून वाजवणारी पोरं आणतो. मिरवणूक मध्यरात्री संपते. पैसे मोजून देतो, जयभीम करतो, गाडीत बसवतो, आणि घरी येऊन झोपतो. त्यांचा ड्रायव्हर सकाळपासून जागा आहे का, जेवला का, घाट उतरायचा आहे का, एकदाही विचारले नाही. घाटात शिंगरोबापाशी गाडीवाले नाणे टाकून पुढे जातात. आपण देव मानत नाही म्हणून त्यांना हसतो. पण ज्याने विचारायचे ते विचारले नाही, त्याचाही भरवसा नाण्यावरच असतो.

त्यानंतरच्या बैठकीत मी ठराव मांडला : पाहुणी पोरं रात्री विहारात झोपतील, सकाळी चहा-नाश्ता करून जातील. एक जण म्हणाला, खर्च वाढेल. म्हटले, वाढू दे, एक स्पीकर कमी लावू. ठराव झाला. छोटी गोष्ट आहे. पण कुणाच्या तरी मरणातून आमच्या वस्तीत एक नियम जन्मला.

राहिले काका. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या वाडीवर गेलो. पडवीत बसले होते, डाव्या हाताने विळी धरून कोयंडा तासत होते. मी सगळे सांगितले, सही, ठेका, सगळे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हटले, काका, मी हे लिहून छापणार आहे, तुमचे नाव घालून, गिरणीचे नाव घालून. तेव्हा म्हणाले, "लिव. पन नाव नको घालू. माझा पोरगा आता तिथंच लागलाय."

त्याच मशीनवर? मी विचारले. त्यांनी मान हलवली.

म्हणून नावे नाहीत. बाकी सगळे खरे आहे. मी साक्षीदार होतो. जाळी काकांनी काढलेली नव्हती, ती माझ्या आधीपासून भिंतीला होती. त्या रात्री त्यांची दुसरी पाळी होती. बटण पलीकडे होते. मी आधी दिलेला जबाब खोटा होता, हा माझा दुसरा जबाब. याची एक प्रत मी माझ्या नावानिशी सही करून काकांच्या घरी ठेवली आहे. त्यांचा पोरगा जेव्हा म्हणेल तेव्हा, म्हणेल तिथे, मी उभा राहीन.

आणि तुम्ही हा अंक दुमडून खिशात घालाल, उद्या पाळीवर जाल, तेव्हा एवढे बघा : तुमच्याकडची जाळी कुठे आहे?

जयभीम.